पाच डॉक्टरांचा बंधुसंघ

खरा शेजारी कोण, हा धडा रविवारच्या शाळेत आपण वारंवार शिकवितो. त्या धड्याला जोड म्हणून सोलापूरच्या एका डॉक्टरांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९३८ साली, जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनने पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस हे त्यांचे सोबती. या पाचांचा प्रांत एक नव्हता, भाषाही एक नव्हती. परंतु चीनमध्ये त्या सर्वांनी आपापल्या नावाला ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द जोडला आणि जणू एका घराचे भाऊ झाले.

१९३९ च्या आरंभी वडील वारल्याची बातमी कोटणीसांना कळली. सोबत्यांनी त्यांना घरी परतण्यास सुचविले. एकीकडे दुःखात बुडालेले घर, दुसरीकडे जखमींच्या रांगा. ते परतले नाहीत. पुढे तीन सोबती मायदेशी आले. बसू व कोटणीस मागे राहिले.

डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडातील पाळकाच्या मुलाने त्याच रणभूमीवर सेवा करताना प्राण ठेवले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी तेथील परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुत्राचे नाव ठेविले इनहुआ: इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ते बाळ चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

बसू १९४३ मध्ये परतले. आपल्या सोबत्याला मात्र ते विसरले नाहीत. अखिल भारतीय कोटणीस स्मारक समितीच्या द्वारे त्यांनी त्या सेवेची आठवण जिवंत ठेविली व गोरगरिबांवर उपचाराचे काम चालविले.

कोटणीस ख्रिस्ती नव्हते. अखेरच्या वर्षी ते कम्युनिस्ट पक्षात गेले. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. वाटेत पडलेल्याला उचलणारा शोमरोनीही आपल्यांपैकी नव्हता, हे मुलांना आवर्जून सांगावे. आणि घर व जखमी यांपैकी एकाची निवड करावी लागली तर तुम्ही काय कराल, हे त्यांना विचारावे. उत्तराची घाई मात्र करू नये. आम्हांलाही ते सोपे वाटत नाही.