रेव्हरंड टिळक : बहिष्कारातही अढळ राहिलेली श्रद्धा

ख्यातनाम मराठी कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलगांनी संबंध तोडले, समाजाने निंदानालस्ती केली. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. टिळकांनी मात्र श्रद्धा सोडली नाही आणि संतांच्या अभंगांशी असलेले नातेही तोडले नाही. त्याच वळणाची त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्णत्वास नेले.