विश्लेषण : जळालेल्या वैमानिकांना पापण्या परत देणारे डॉ. मॅकिंडो कोण होते?

दुसऱ्या महायुद्धात पेटलेल्या विमानांतून वाचलेल्या अनेक वैमानिकांचे डोळे शाबूत होते, पण पापण्या जळून गेल्या होत्या. त्यांची दृष्टी वाचवण्यासाठी झटलेले शल्यविशारद म्हणजे सर आर्चिबाल्ड मॅकिंडो.

न्यूझीलंड ते लंडन

मॅकिंडो यांचा जन्म १९०० मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये प्रशिक्षण घेऊन ते १९३० मध्ये लंडनला आले. तेथे प्लास्टिक सर्जरीचे आद्य प्रवर्तक आणि नात्याने भाऊ लागणारे सर हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यांना या शाखेकडे वळवले. १९३८ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलाचे सल्लागार झाले आणि पुढच्या वर्षी ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयात रुजू झाले.

पापणी आधी का?

भाजलेली पापणी आकसते आणि बाहेर उलटते. डोळा झोपेतही मिटत नाही. कॉर्निया कोरडा पडून जखम होते आणि दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे चेहऱ्याच्या इतर दुरुस्तीआधी पापण्यांना प्राधान्य दिले जाई. दंडाच्या आतल्या बाजूची पातळ, केसविरहित त्वचा काढून तेथे लावली जात असे. ती पुढे आकसणार, म्हणून तुकडा गरजेपेक्षा मोठा घेत. वैमानिक आणि लेखक रिचर्ड हिलरी यांनाही मॅकिंडो यांनीच नव्या पापण्या दिल्या. हिलरी पुन्हा विमानात बसले, मात्र १९४३ मध्ये अवघ्या २३व्या वर्षी अपघातात दगावले.

उपचारात काय बदलले?

भाजलेल्या भागावर टॅनिक अ‍ॅसिड लावण्याची तेव्हा पद्धत होती. त्याने कडक कवच तयार होई. चेहरा आणि हातांसाठी मॅकिंडो यांनी त्याला ठाम विरोध केला आणि मिठाच्या पाण्याने स्नान घालण्याचा मार्ग धरला. रुग्णांना त्यांनी गावातही मोकळेपणाने फिरू दिले. १९४१ मध्ये रुग्णांनीच ‘गिनी पिग क्लब’ स्थापन केला. युद्धाअखेर त्याचे ६४९ सदस्य होते.

डिंकाचा संबंध काय?

लावलेल्या त्वचेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खाली रक्त साचले किंवा ती सरकली तर ती मरते. म्हणून टाके आणि दाब देणारी पट्टी लागे, डोळे काही दिवस बांधून ठेवावे लागत. १९४४ मध्ये अमेरिकेत रक्तातील फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन वापरून त्वचा चिकटवण्याचे प्रयोग झाले, पण तो डिंक कमकुवत ठरला. १९७०च्या दशकात व्हिएन्नात अधिक घट्ट फायब्रिन डिंक विकसित झाला. त्यामुळे टाके कमी लागतात आणि त्वचा सर्वत्र सारखी चिकटते. मात्र डिंक लावला म्हणून त्वचेचे आकसणे थांबत नाही. त्यामुळे त्वचेची जाडी आणि तुकड्याचे माप आजही विचारपूर्वक ठरवावे लागते.

मॅकिंडो यांना १९४७ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले.