आंटोन द बारी

हाइन्रिख आंटोन द बारी (२६ जानेवारी, १८३१, फ्रँकफर्ट – १९ जानेवारी, १८८८, स्ट्रासबर्ग) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आधुनिक कवकशास्त्र व वनस्पतिरोगशास्त्र या शाखांचे ते एक प्रवर्तक मानले जातात. तांबेरा रोगाच्या कवकाचे जीवनचक्र दोन भिन्न वनस्पतींवर पूर्ण होते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

शिक्षण व आरंभीचे कार्य

त्यांचे वडील डॉक्टर होते. द बारी यांनी हायडेलबर्ग, मारबर्ग व बर्लिन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८५३ मध्ये पदवी मिळवली. काही काळ त्यांनी फ्रँकफर्टमध्ये वैद्यकीय व्यवसायही केला. पण त्यांचा ओढा वनस्पतींकडेच होता. रोगट वनस्पतीच्या बिघडलेल्या रसातून कवक निर्माण होते, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. काणी व तांबेरा यांच्या कवकांवर १८५३ मध्येच प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बावीस वर्षांच्या द बारी यांनी याच्या उलट मत मांडले. कवक हा रोगाचा परिणाम नसून त्याचे कारण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावरील करप्यामुळे भीषण दुष्काळ पडून सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले होते. निरोगी रोपांवर बीजाणू टाकून हा रोग निर्माण करता येतो, हे द बारी यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले. त्या सूक्ष्मजीवाला १८७६ मध्ये त्यांनी दिलेले फायटोफ्थोरा हे प्रजातिनाम आजही रूढ आहे.

तांबेऱ्याचे संशोधन

बार्बेरी या दारुहळदीच्या प्रजातीतील झुडपाजवळ गव्हावर तांबेरा अधिक पडतो, हे युरोपातील शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. अमेरिकेतील कनेटिकट वसाहतीत १७२६ मध्ये ही झुडपे नष्ट करण्याविषयी कायदाही झाला होता. तथापि बार्बेरीच्या पानांवरील नारिंगी ठिपके आणि गव्हावरील तांबेरा ही दोन निराळी कवके आहेत, असेच बहुतेक शास्त्रज्ञ समजत.

गव्हावरील तांबेऱ्याचे काळसर बीजाणू हिवाळ्यानंतर रुजून दुसऱ्या प्रकारचे बारीक बीजाणू तयार करतात. हे बारीक बीजाणू गव्हावर वाढत नाहीत. द बारी यांनी ते बार्बेरीच्या पानांवर टाकले, तेव्हा तेथे नारिंगी ठिपके उमटले. १८६५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्या ठिपक्यांतील बीजाणूंपासून राय या धान्याच्या रोपांवर तांबेरा निर्माण करून त्यांनी चक्र पूर्ण केले. शेतकऱ्यांच्या अनुभवाला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला. अशा द्विआश्रयी कवकांचा शोध त्यांनी पुढेही चालू ठेवला. आल्प्स पर्वतातील स्प्रूस वृक्षाच्या पानांवरील पिवळा तांबेरा आणि तेथीलच ऱ्होडोडेंड्रॉन झुडपाच्या पानांवरील तांबेरा या एकाच कवकाच्या दोन अवस्था आहेत, हे त्यांनी १८७९ मध्ये दाखविले.

अध्यापन व वारसा

फ्रायबर्ग व हाले येथे प्राध्यापकपद भूषविल्यानंतर द बारी १८७२ मध्ये स्ट्रासबर्गच्या नव्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाचे पहिले रेक्टर झाले. दगडफुलातील कवक व शैवल यांच्यासारख्या भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला त्यांनी सहजीवन ही व्यापक संज्ञा दिली. परोपजीवनाचाही त्यांनी तीत समावेश केला होता.

त्यांच्या प्रयोगशाळेत अनेक देशांचे विद्यार्थी येत. रशियाचे व्होरोनिन व विनोग्राड्स्की, अमेरिकेचे फार्लो आणि फ्रान्सचे मियार्दे हे त्यांपैकी काही होत. द्राक्षांवरील केवडा रोगासाठी मियार्दे यांनी प्रचारात आणलेले बोर्डो मिश्रण महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांनाही परिचित आहे.

जबड्याच्या अर्बुदामुळे वयाच्या ५६ व्या वर्षी द बारी यांचे स्ट्रासबर्ग येथे निधन झाले.