विषय मागायला येणाऱ्यांसाठी

विद्यापीठाची 'पेट' उत्तीर्ण झालेली मुले जळगावला माझ्याकडे येतात आणि इतिहासातला एखादा सोपासा विषय मागतात. मी विषय देत नाही, धुळ्याची एस.टी. पकडायला सांगतो. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. पदवी बी.ए.; मार्गदर्शक कोणी नाही. पत्नी तरुणपणीच गेली, पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडून, लोकांची मनधरणी करून त्यांनी धूळ खात पडलेली मोडी दप्तरे मिळवली. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पुढे २२ झाले. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, पण तिथे पुढे बिनसले. धुळ्याने त्यांना जवळ केले. तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. लगेच १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाचे मंडळ उभारले.

त्यांची कित्येक अनुमाने पुढच्यांनी खोडून काढली; त्यांनी वाचवलेले कागद मात्र आजही कामाला येतात. म्हणून धुळ्याहून परतलेल्या मुलाला मी एवढेच विचारतो, की मोडी शिकायची तयारी आहे का. ती असेल, तर मी अर्जावर सही करतो. विषय तोवर बहुधा त्यानेच शोधलेला असतो.