थांबण्याचा दिवस

‘शब्बाथ’ या इब्री शब्दाच्या मुळाशी थांबणे हा अर्थ आहे. वेगासाठी जगभर नावाजलेल्या एका धावपटूने हे थांबणे कसे पाळले, ते आपण पाहू या.

एरिक लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन येथे एका स्कॉटिश मिशनरी कुटुंबात झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीसाठी ब्रिटनची भिस्त त्यांच्यावर होती. परंतु तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैला होणार होत्या. प्रभूचा दिवस राखण्यासाठी त्यांनी ती शर्यतच सोडली. टीका झाली, तरी ते ढळले नाहीत. त्यांनी चारशे मीटरचा सराव केला आणि शुक्रवारी, ११ जुलैला ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून जागतिक उच्चांक केला.

पुढच्याच वर्षी ही कीर्ती मागे ठेवून ते मिशनरी म्हणून चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जपान्यांनी त्यांना वेइशिएनच्या छावणीत स्थानबद्ध केले. पत्नी व मुली कॅनडात होत्या. धाकटीचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. छावणीत आईवडिलांपासून दुरावलेली पुष्कळ मुले होती. एरिक त्यांना शिकवीत व त्यांचे खेळ घेत. रविवारी मात्र खेळ नसे. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकीचा डाव मांडला. पंच नसल्याने त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. त्यानंतरच्या रविवारी एरिक स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले!

मग त्यांनी आपले व्रत मोडले काय? मला तसे वाटत नाही. स्वतःच्या गौरवासाठी त्यांनी तो दिवस दिला नव्हता. पोरक्यासारख्या झालेल्या लेकरांसाठी तो दिला. शब्बाथ मनुष्याच्या हितासाठी आहे, असे प्रभू येशूने शिकविले. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञाही दासदासींच्या विसाव्याची आठवण करून देते. आपल्या धावपळीला आवर घालणे आणि दुसऱ्याला विसावा देणे, ही त्या एकाच आज्ञेची दोन अंगे आहेत.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे एरिक त्याच छावणीत प्रभूमध्ये निजले. वय अवघे त्रेचाळीस. छावणी मुक्त झाली ती ऑगस्टमध्ये.

वाचकहो, येत्या रविवारी आपण उपासनेला जाल, घरी येऊन विसावाल. त्या दिवशी आपल्या घरी राबणाऱ्या हातांनाही विसावा मिळेल ना?