विश्लेषण : केळकर संग्रहालयातील ‘राजा’ कोण? अडकित्ते, दिवे, वज्री जमवणाऱ्या कवीची गोष्ट

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ असलेल्या ‘राजा दिनकर केळकर संग्रहालया’चे नाव वाचून हा एखाद्या संस्थानिकाचा खजिना असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात इथे ना संस्थान आहे, ना राजघराणे. चष्म्यांच्या व्यवसायात असलेल्या एका कवीने सुमारे चार दशकांत जमवलेल्या वस्तूंचे हे घर आहे. हे कवी म्हणजे डॉ. दिनकर गंगाधर केळकर. मग राजा कोण? आणि अडकित्ते, दिवे, कुलपे कुणी का जमवावीत?

दिनकर केळकर कोण होते?

केळकर यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची त्यांना ओढ होती. पोटापाण्यासाठी चष्म्यांचा व्यवसाय होता. थोडक्यात, हातात फार पैसा असलेला हा संग्राहक नव्हता. ओळखीचे लोक त्यांना काका म्हणत. पत्नी कमलाबाई यांची या कामात त्यांना मोलाची साथ होती.

संग्रह कधी सुरू झाला?

साधारण १९२० च्या सुमारास. पेशवाई संपून तेव्हा शंभर वर्षे उलटली होती. पुण्यातील जुने वाडे आणि त्यातील घराणी ओसरणीला लागली होती. दारांच्या कोरीव चौकटी, पितळी समया, हत्यारे, पानदाने अडगळीत पडत होती. केळकर अशा घरांपर्यंत पोहोचले. पुढे हा शोध पुण्याबाहेर, महाराष्ट्राबाहेर गेला. १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५ हजार वस्तू जमल्या होत्या.

घरगुती वस्तूच का?

राजेरजवाड्यांचे दागिने, तलवारी सांभाळायला कुणी ना कुणी असते. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे तसे नसते. वीज आली की दिवा अडगळीत जातो. स्टील आले की पितळेचे भांडे मोडीत निघते. मोडीत वस्तूची किंमत तिच्या वजनावर ठरते, कारागिरीवर नाही. एकदा भट्टीत गेलेले नक्षीकाम परत मिळत नाही. ज्या वस्तू सर्वांच्या घरात होत्या, त्याच सर्वांत आधी नाहीशा होण्याची भीती होती. केळकरांनी नेमक्या त्याच उचलल्या.

अडकित्त्यात पाहण्यासारखे काय?

तत्त्व साधे आहे. एका टोकाला खीळ, मध्ये सुपारी आणि दुसऱ्या टोकाला हाताचा जोर. ही तरफ आहे. सुपारी कातरण्यासाठी एवढे पुरेसे होते. तरीही कारागिरांनी अडकित्त्यांना माणसांचे, पशुपक्ष्यांचे आकार दिले. तळपाय घासायच्या वज्रीचेही तेच. खालची बाजू खरखरीत हवी, इतकीच गरज. पण वरच्या बाजूला मोर, हत्ती, घोडे आले. गरज भागल्यावरही कारागीर थांबला नाही, हे एकाच प्रकारच्या अनेक वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की कळते. सुटा अडकित्ता पाहून ते उमगत नाही.

या संग्रहात धातूबरोबरच लाकूड, हस्तिदंत, दगड, कापड आणि चामडेही आहे. वाद्ये, चित्रकथीची चित्रे, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि काचेवरची चित्रे हीदेखील त्यातलीच.

मग ‘राजा’ कोण?

राजा हा केळकर दाम्पत्याचा एकुलता एक मुलगा. तो लहान वयातच गेला. केळकरांनी आपला संग्रह त्याच्या स्मृतीला वाहिला. म्हणूनच दारावरच्या पाटीवर मुलाचे नाव आधी आणि वडिलांचे नंतर आहे. १९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली.

संग्रह सरकारला का दिला गेला?

खासगी संग्रहाला सर्वांत मोठा धोका संग्राहकाच्या पश्चात असतो. वाटण्या होतात, एकेक वस्तू विकली जाते. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई केली. मात्र, साठ-सत्तर वर्षे जुन्या साध्या अडकित्त्याला त्या कायद्याचे संरक्षण नाही. केळकरांनी १९७५ मध्ये अवघा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. त्यामुळे तो फुटला नाही आणि पुण्यातच राहिला. या कार्याची दखल घेत पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. १९९० मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज काय पाहता येते?

कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून इथे त्याचे दालन पुन्हा उभारले आहे. गर्दी तिथे सर्वाधिक असते. मात्र, दिवे आणि अडकित्त्यांच्या दालनांसाठीही वेळ राखून ठेवावा. संग्रहात आता २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यातील सुमारे २,५०० च मांडलेल्या आहेत, म्हणजे आठातली एक. बाकीच्या जागेअभावी पेट्यांमध्ये आहेत.

यातील बहुतेक वस्तू घडवणाऱ्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. तांबट, सुतार, लोहार, विणकर सारेच अनामिक. त्यांचे काम जपणाऱ्या माणसाने कवितेखाली सही करताना ‘अज्ञातवासी’ हेच नाव निवडले होते.