वाऱ्याचा पंचनामा करणारा माणूस

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. गहू-हरभरा निघाला की वावरं मोकळी होतात आणि दुपारच्या उन्हात वावटळी उठतात. पालापाचोळा, कागद, एखादी प्लास्टिकची पिशवी गरगर फिरत वर जाते. वावटळीत भूत असतं, तिच्या आडवं जाऊ नये, असं आजी सांगायची. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या पुस्तकात टोर्नेडोचं चित्र होतं. टोर्नेडो म्हणजे इंग्लिशमधली वावटळ, असं मी समजून चालले होते. सेकंड इयरपर्यंत हा समज टिकला!

मागच्या मे महिन्यात सुटीला घरी गेले होते. एका संध्याकाळी ढग दाटून आले, गार वारा सुटला आणि गारा सुरू झाल्या. पाच-सात मिनिटांत मोठेबाबांच्या गोठ्यावरची टिनं उडून शेजारच्या वावरात पडली. गोठ्याची भिंत पडून गोऱ्हा दगावला. मोठेबाबा म्हणाले वावटळच होती. शेजारचे काका म्हणाले, छे, वारा वरून आदळला. या वादात आम्ही दुसऱ्याच दिवशी टिनं गोळा केली, पडलेली झाडं तोडून सरपण केलं. तीन दिवसांनी पंचनामा झाला तेव्हा दाखवायला फारसं काही उरलं नव्हतं. माझ्या मोबाईलमध्ये गारांचे वीस फोटो होते, गोठ्याचा एकही नाही.

होस्टेलला परत आल्यावर, तो टोर्नेडो होता का हे शोधायला बसले आणि तेत्सुया फुजिता हे नाव सापडलं. विशेष म्हणजे हा माणूस मुळात हवामानशास्त्राचा विद्यार्थी नव्हता. आपल्यासारखाच इंजिनिअर, तोही मेकॅनिकलचा.

फुजितांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० चा, जपानच्या क्युशू बेटावरचा. वडील शाळेत मास्तर. मुलाला हिरोशिमाच्या कॉलेजात जायचं होतं, पण वडिलांनी मरताना घराजवळच्या मेजी कॉलेजचा आग्रह धरला आणि मुलाने तो पाळला. १९४३ मध्ये डिग्री घेऊन ते तिथेच शिकवायला लागले. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तीनच दिवसांनी दुसरा बॉम्ब घेऊन विमान निघालं, त्याचं पहिलं लक्ष्य होतं कोकुरा शहर, फुजितांच्या कॉलेजच्या अगदी जवळ. पण ढग आणि धुरामुळे खालचं दिसेना, म्हणून विमान नागासाकीला वळलं. ढगांमुळे वाचलेला हा माणूस पुढे जन्मभर ढगांच्याच मागे लागला.

काही आठवड्यांनी फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाला पाहणीसाठी गेले. नागासाकीच्या कबरस्तानात फुलं ठेवायच्या बांबूच्या नळ्या होत्या, त्या एकाच बाजूने करपलेल्या. करपलेली बाजू कुठे तोंड करून आहे ते मोजून त्यांनी बॉम्ब हवेत कुठे आणि किती उंचीवर फुटला याचा हिशोब केला. हिरोशिमात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. स्फोटाच्या बरोबर खाली झाडं उभीच होती, आणि भोवतालची झाडं केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवी झाली होती. हे चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

१९४७ मध्ये त्यांनी सेबुरी नावाच्या डोंगरावर साध्या उपकरणांनी गडगडाटी वादळाचा अभ्यास केला. अशा ढगातून हवा खालीही जोरात येते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच डोंगरावर अमेरिकन रडार स्टेशन होतं. तिथल्या कचऱ्यातून आलेला एक रिपोर्ट त्यांच्या हाती पडला, तो शिकागोच्या प्रोफेसर बायर्स यांचा. फुजितांनी आपलं काम त्यांना पाठवलं. अमेरिकेत प्रचंड खर्च करून जे सापडलं, ते हा तरुण थोडक्या पैशात एकटा शोधून बसलाय हे पाहून बायर्स यांनी त्यांना बोलावून घेतलं. १९५३ मध्ये फुजिता शिकागो युनिव्हर्सिटीत पोचले.

आता टोर्नेडो म्हणजे काय ते सांगते. हा शब्द स्पॅनिशमधल्या गडगडाटाच्या शब्दावरून आला आणि त्याला फिरणे या अर्थाच्या शब्दाने आजचं रूप दिलं. आपली वावटळ तापलेल्या जमिनीवरून, बहुतेक वेळा निरभ्र आकाशात, वर उठते. टोर्नेडो गडगडाटी ढगाशी जोडलेला असतो. ढगात वर चढणारी हवा फिरायला लागते आणि तो भोवरा जमिनीला टेकतो. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य काही मिनिटांचं. समुद्रावरचं चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचं आणि कित्येक दिवस चालणारं. म्हणजे तिघंही फिरतात, पण जात वेगळी. आपल्या उपखंडात टोर्नेडो जास्त करून बंगाल, ओडिशा, आसाम आणि बांगलादेशात होतात. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात एका टोर्नेडोने सुमारे तेराशे माणसं मारली.

टोर्नेडोचा वेग मोजायला उपकरण लावावं तर तेच उडून जातं. मग फुजितांनी मागे राहिलेल्या पडझडीवरून हिशोब करायचं ठरवलं. १९५७ च्या फार्गोच्या टोर्नेडोनंतर त्यांनी लोकांनी काढलेले शंभराहून जास्त फोटो जमवून त्याचा मिनिटामिनिटाचा प्रवास मांडला. १९७१ मध्ये एफ-शून्य ते एफ-पाच ही मोजपट्टी दिली. फांद्या मोडल्या तर एफ-शून्य, पक्कं घर पायापासून उचललं गेलं तर एफ-पाच. हा वाऱ्याचा पंचनामाच की!

३ आणि ४ एप्रिल १९७४ ला अमेरिकेत १४८ टोर्नेडो झाले. छोट्या विमानातून पाहणी करताना एका जंगलात फुजितांना झाडं गोल न पडता एका केंद्रापासून चहूकडे पसरलेली दिसली. हिरोशिमासारखीच! म्हणजे इथे वारा फिरला नाही, वरून आदळून बाहेर पसरला. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडून ११३ माणसं गेली. फुजितांनी याचा दोष त्याच आदळणाऱ्या वाऱ्याला दिला आणि त्याला डाउनबर्स्ट म्हटलं. बरेच शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. १९७८ मध्ये फुजितांनी शिकागोजवळ रडार लावून असे पन्नासच्या आसपास झोत पकडून दाखवले. मग विमानतळांवर खास रडार आले, पायलटना तसं ट्रेनिंग मिळू लागलं. १९९४ नंतर अमेरिकेत या कारणाने मोठं प्रवासी विमान पडलेलं नाही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. मोजपट्टीतले वरचे वेग त्यांनी जास्त धरले होते. एफ-पाचला ताशी ४२० किलोमीटरच्या पुढचा वारा लागतो असं त्यांचं गणित, पण घर कसं बांधलंय हे त्यात नीट धरलं नव्हतं. कच्चं बांधलेलं घर कमी वाऱ्यातही उडतं. २००७ पासून अमेरिकेत सुधारलेली मोजपट्टी वापरतात. नाव मात्र फुजितांचंच. जन्मभर टोर्नेडोच्या खुणा मोजणाऱ्या या माणसाने प्रत्यक्ष टोर्नेडो पाहिला तो १९८२ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी. १९ नोव्हेंबर १९९८ ला ते शिकागोत वारले.

हे सगळं वाचल्यावर मोठेबाबांना फोन केला आणि विचारलं, कडुनिंब कुठल्या अंगाला पडला होता, बाभळी कुठल्या? त्यांना एकच आठवलं, दोन्ही वेगवेगळ्या दिशेला पडले होते. शेजारच्या काकांचंच बरोबर असेल असं मला वाटतंय, पण सिद्ध कशावरून करणार? पुरावा तर आम्ही चुलीत घातला.

तेव्हा मित्रांनो, यंदा गावाकडे वारावावधान झालं, तर माणसं आणि जनावरं आधी सुरक्षित करा. मग आवरायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि कुठली वस्तू कुठून उडून कुठे पडली, झाडाचा शेंडा कुठल्या दिशेला आहे, ते वहीत लिहून ठेवा. नुकसानभरपाईच्या कागदाला त्याचा उपयोग होईल, आणि वारा कुठला होता तेही कळेल. मी मोठेबाबांकडे एक होकायंत्र ठेवून आलेय.